मॅन्युअलमधली चित्रं: पुसट, प्रचंड आणि पळपुटी

अर्धविराम | सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचते आहे, धागा काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

३२० पानांचं एक मॅन्युअल माझ्या गळ्यात पडलंय. मोजमापाचं एक यंत्र आणि त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर. वर्डमध्ये आहे, माझ्याआधी चार जणांचे हात लागलेत. मजकुराची मला भीती नाही, तो कितीही वाईट असला तरी ताळ्यावर आणता येतो. चित्रांनी मात्र जीव नकोसा केलाय.

फाइल १८० एमबीची आहे. उघडायला दिली की दुसरं एखादं काम उरकून यावं. स्क्रीनशॉट घेताना स्वच्छ दिसतात, पीडीएफमध्ये जाईपर्यंत पुसट होतात. काही चित्रांतली अक्षरं मुंगीएवढी, काहींतली मथळ्याएवढी. पान ४० वर एक वाक्य वाढवलं की पान ४३ वरचं चित्र उडी मारून भलत्याच पायरीशेजारी जाऊन बसतं. आणि दोन ठिकाणी चित्राच्या जागी जेमतेम एका ओळीच्या उंचीची पट्टी दिसते, बाकी चित्र गायब.

वरून हुकूम आलाय की "सगळे स्क्रीनशॉट ३०० डीपीआयने परत घे." (डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके.) स्क्रीनशॉट १७० आहेत. घ्यायला माझी ना नाही, पण घेऊन प्रश्न सुटेल का? शिवाय पुढे हे सगळं डिटामध्ये (मॅन्युअल सुट्या विषयांत लिहायची एक्सएमएलवर आधारलेली पद्धत) न्यायचं आणि पाच भाषांत भाषांतर करायचं घाटतंय. आत्ताची मेहनत तेव्हा वाया जाऊ नये एवढीच इच्छा.

तळटीप | सोमवार, सकाळी १०:५५

आधी सोपी दोन संपवते.

ती पट्टी: चित्र ज्या परिच्छेदात आहे त्याचं ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली १४ पॉइंट' वगैरे करून ठेवलं असणार. वर्ड मग त्या चित्राला १४ पॉइंटच्या वर उंची देतच नाही. अंतर 'सिंगल' करा, चित्र जागच्या जागी उघडेल. ते हरवलेलं नाही, नुसतं दाबलं गेलंय.

उड्या मारणारी चित्रं: ती तरंगती आहेत, म्हणजे मजकूर त्यांच्या भोवतीने वाहतोय. सगळी 'इन लाइन विथ टेक्स्ट' करा, प्रत्येकाला स्वतःचा परिच्छेद द्या आणि त्या परिच्छेदासाठी वेगळी स्टाइल बनवा. स्टाइलला 'कीप विथ नेक्स्ट' लावलं की चित्र आणि खालची कॅप्शन यांची ताटातूट होत नाही. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली चित्र चिकटवताना ते कसं यावं याची सोय आहे, तिथेही 'इन लाइन' करून ठेवा. नाहीतर उद्या पाचवा माणूस येऊन पुन्हा तरंगवेल.

कॅप्शन हाताने टाइप केल्यात का? असतील तर त्यातही जेवढ्या लवकर 'इन्सर्ट कॅप्शन'वर याल तेवढं बरं. मग आकृतीचे नंबर फील्ड म्हणून येतात, सगळं निवडून एफ९ दाबलं की नंबर आणि 'आकृती १२ पाहा' असे उल्लेखही एकदम जुळतात.

पुसटपणाचं पिक्सेलपुराण सांगतील. नावच तसं घेतलंय त्यांनी.

उंटावरचा शहाणा | सोमवार, सकाळी ११:२०

सोपं आहे. सगळं लेटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली) न्या.

तळटीप | सोमवार, सकाळी ११:२२

लेटेकमध्येही आकृत्या पळतात की. 'फ्लोट' म्हणतात तिकडे. फक्त पळाल्या की लोक त्याला सौंदर्यदृष्टी म्हणतात.

पिक्सेलपुराण | सोमवार, दुपारी १:०५

बोलावणं आलं, हजर आहे. जरा लांबेल.

३०० डीपीआयने स्क्रीनशॉट घेता येत नाही. म्हणजे असं काही नसतंच. पडद्यावर १९२० पिक्सेल असतील तर पूर्ण पडद्याच्या स्क्रीनशॉटमध्ये १९२० पिक्सेल येणार, एकही जास्त नाही. डीपीआय ही चित्राची जात नव्हे. ते पिक्सेल कागदावर किती इंचांत पसरायचे त्याचा तो हिशेब. पीएनजी फाइलमध्ये हा आकडा एका छोट्या नोंदीत असतो, तोही इंचाला नव्हे तर मीटरला किती पिक्सेल अशा भाषेत. ९६ डीपीआय म्हणजे तिथे ३७८० लिहिलेलं असतं. तो आकडा बदलला तर चित्राचा एकही पिक्सेल बदलत नाही.

आता तुमच्या मॅन्युअलकडे या. ए४ पानावर मजकुराची रुंदी साडेसहा इंच धरू. कोणीतरी १९२० पिक्सेलचा अख्खा पडदा टिपला आणि कोपरा धरून त्या साडेसहा इंचांत बसवला. १९२० भागिले ६.५ म्हणजे २९५. वरच्यांना हवे ते ३०० डीपीआय जवळपास मिळाले! पण अक्षरांचं काय झालं बघा. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पडद्यावर ९ पॉइंटचं अक्षर म्हणजे ९६ डीपीआयला १२ पिक्सेल. ते १२ पिक्सेल आता २९५ च्या हिशेबाने छापले की जेमतेम ३ पॉइंटचं अक्षर उरतं. औषधाच्या डब्यावरचा मजकूर याहून मोठा असतो.

पुढच्याच पानावर त्याच माणसाने ४८० पिक्सेलचा एक डायलॉग टिपला, आणि 'रुंदी सारखी दिसावी' म्हणून तोही साडेसहा इंच ताणला. तिथे ७४ डीपीआय झाले आणि तेच अक्षर पावणेबारा पॉइंटचं, तुमच्या मजकुरापेक्षा मोठं. मुंगी आणि मथळा दोन्ही इथून आले. दोष चित्राच्या दर्जाचा नाही. सगळ्यांची रुंदी सारखी केली, प्रमाण सारखं ठेवलं नाही, एवढंच.

म्हणून रुंदीचा नियम सोडा, प्रमाणाचा धरा. संपूर्ण मॅन्युअलसाठी एकच आकडा. मी १४० वापरतो. १२ पिक्सेलचं अक्षर ६.२ पॉइंटचं पडतं. १० पॉइंटच्या मजकुराशेजारी लहान, पण वाचता येतं, आणि हे चित्र आहे, मजकूर नव्हे, हे डोळ्याला लगेच कळतं. ४८० चा डायलॉग मग आपोआप ३.४ इंचांचा होतो. साडेसहा इंचांत जास्तीत जास्त ९१० पिक्सेल मावतात, म्हणून टिपण्याआधी खिडकीच ९०० पर्यंत लहान करायची. खिडकी लहान होत नसेल तर जेवढा भाग त्या पायरीला हवा तेवढाच टिपायचा. बहुतेक वेळा तेच बरं असतं.

पुसटपणाचं कारण वेगळं, आणि तुमच्याकडे ते दोनदा घडतंय. वर्डच्या अनेक आवृत्त्या फाइल सेव्ह करताना चित्रं २२० पीपीआयपर्यंत (इंचाला पिक्सेल, इथे डीपीआयच समजा) खाली आणतात. तो २९५ वाला स्क्रीनशॉट सेव्ह झाला की १९२० चे १४३० पिक्सेल होतात. फोटोला हे कळतही नाही, पण एक पिक्सेल जाडीच्या रेघा आणि अक्षरं असलेल्या चित्राची धार तिथेच मरते. ऑप्शन्समध्ये 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' आहे, त्यावर खूण करा. ती त्या त्या फाइलपुरती असते हे लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा पीडीएफ करताना: ॲडोबीच्या 'स्टँडर्ड' सेटिंगमध्ये २२५ च्या वरची रंगीत चित्रं १५० वर आणतात आणि जेपीईजीने दाबतात. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं आणि रंगाची माहिती अनेकदा त्याहूनही ढोबळ ठेवतं. म्हणून लाल अक्षरांभोवती घाण दिसते. स्क्रीनशॉटसाठी कॉम्प्रेशन 'झिप' ठेवा, डाउनसॅम्पलिंग (पिक्सेल कमी करणं) बंद.

१४० ला गंमत अशी की तो या दोन्ही कात्र्यांच्या खाली आहे. कोणी सेटिंग विसरलं तरी पिक्सेल कापले जात नाहीत.

जुना जुळारी | सोमवार, संध्याकाळी ६:४०

पिक्सेलपुराण, तुमचा तो 'एकच आकडा' वाचून बरं वाटलं. आम्ही शिशाचे खिळे जुळवायचो तेव्हा आकृत्यांचे जस्ताचे ठोकळे बनून यायचे. चित्रकार आकृती मोठी काढायचा, दीडपट किंवा दुप्पट, आणि ब्लॉक करणारा ती कॅमेऱ्याने लहान करायचा. पुस्तकातल्या सगळ्या आकृत्या एकाच पटीत काढायच्या असा दंडक होता. कारण एक दीडपट आणि एक तिप्पट काढली तर छापल्यावर एकीची रेघ दोराएवढी आणि दुसरीची केसाएवढी दिसायची, अक्षरांचंही तेच. नवशिका चित्रकार प्रत्येक आकृती कागदभर काढायचा, त्याची चांगली खरडपट्टी निघायची.

कोपरा धरून ओढायची सोय तेव्हा नव्हती, ते एक सुखच म्हणायचं.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ९:३०

काका, तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावला आहे.

पिक्सेलपुराण, दंडवत. काल रात्री वीस चित्रांवर करून पाहिलं. वर्डमध्ये चित्राच्या आकाराच्या खिडकीत स्केल ६९ टक्के टाकलं (९६ भागिले १४०, बरोबर ना?) आणि पुसटपणा गेला. पण वीसपैकी सात चित्रं एकदम मोठी आली. तोच डायलॉग, तेच ६९ टक्के, तरी दीडपट. हे काय?

तळटीप | मंगळवार, सकाळी ९:५०

ती सात दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर घेतलीत. तिथे डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरचं सगळं किती मोठं दिसावं ती सेटिंग) १५० टक्के असणार. तोच डायलॉग त्या यंत्रावर दीडपट पिक्सेलमध्ये रंगवला जातो. त्यांच्यासाठी प्रमाण १४० नव्हे, २१० डीपीआय, म्हणजे वर्डमध्ये ४६ टक्के.

पिक्सेलपुराण | मंगळवार, सकाळी १०:३०

हो, आणि २०० टक्के असेल तर २८०. ते मात्र वरच्या दोन्ही कात्र्यांत सापडतं, म्हणून कॉम्प्रेशन बंद ठेवणं तिथे सक्तीचं. उलट छपाईत अक्षरं जास्त रेखीव येतात, कारण तेवढ्याच रुंदीत दुप्पट पिक्सेल. माझा सल्ला: टीमने एकच स्केलिंग ठरवा, १०० किंवा २००. मधले आकडे नकोत. १२५ आणि १५० वर काही जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्या ताणून पुसट रंगवल्या जातात, तो पुसटपणा टिपतानाच आत येतो आणि मग काही केल्या निघत नाही.

टक्के हाताने टाकत बसू नका. इमेजमॅजिक नावाचं फुकट साधन आहे, त्याच्या 'डेन्सिटी' पर्यायाने अख्ख्या फोल्डरमधल्या पीएनजींवर १४० ची नोंद एका आज्ञेत करता येते. फ्रेममेकर हे मॅन्युअल लिहायचं सॉफ्टवेअर चित्र आयात करतानाच डीपीआय विचारतं. डिटातून पीडीएफ बनवणारी यंत्रणाही चित्रावर वेगळी रुंदी लिहिलेली नसेल तर ती नोंद वाचून माप ठरवते. ब्राउझर तिच्याकडे बघत नाही, तो पिक्सेलला पिक्सेल दाखवतो, आणि पडद्यावर तेच हवं असतं. म्हणजे एकाच फाइलमधून छापील आणि ऑनलाइन दोन्ही नीट येतं. तुमच्या डिटासाठी हीच खरी तयारी: 'विड्थ' आणि 'स्केल' चित्रागणिक लिहीत बसू नका.

मॅडकॅप फ्लेअरवाल्यांसाठी (तेही मॅन्युअल लिहायचं साधन): तिकडे हेच काम स्टाइलशीटमध्ये होतं, छपाईसाठी एक माप आणि पडद्यासाठी दुसरं. चित्रावर थेट माप लिहिलंत की ते स्टाइलशीटला जुमानत नाही. तो मोह टाळा.

निळी शाई | मंगळवार, दुपारी २:१५

विषय निघालाच आहे तर एक सावधगिरीची गोष्ट. अंगावर आलेली.

एका कामात मी पूर्ण पडदा टिपायचे, वर्डमध्ये चिकटवायचे आणि तिथेच क्रॉप करायचे. फाइल बाहेरच्या भाषांतरकाराकडे गेली. दोन दिवसांनी त्याचा फोन: "ताई, आकृती ९ नीट बसत नव्हती म्हणून क्रॉप परत उघडला, तर शेजारी तुमची मेलपेटी उघडी दिसतेय." वर्डमधला क्रॉप म्हणजे नुसता पडदा ओढणं. मागचं चित्र जसंच्या तसं फाइलमध्ये राहतं, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' मुद्दाम केल्याशिवाय जात नाही. ग्राहकाचं नाव, अंतर्गत सर्व्हरचा पत्ता, चाचणीचा पासवर्ड, सगळं त्या कडेला असू शकतं. माणूस भला होता म्हणून निभावलं.

खात्री करायची तर वर्डच्या फाइलची (डॉक्स) एक प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचं फोल्डर असतं, सगळी चित्रं तिथे मूळ रूपात पडलेली असतात. अर्धविराम, तुमच्या १८० एमबीचं रहस्यही तिथेच उलगडेल. आकारानुसार लावा आणि पहिले दहा बघा.

आणि नावं झाकताना धूसर करू नका. धूसर केलेल्या किंवा चौकोनी पिक्सेल केलेल्या अक्षरांचा अंदाज बांधता येतो. भरीव रंगाचा ठोकळा टाका आणि चित्र सपाट करून सेव्ह करा. त्याहून बरं म्हणजे टिपण्याआधीच खोटा डेटा भरा. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या चित्र-संपादकात आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही एक दोष सापडला होता: कापलेलं चित्र जुन्याच फाइलवर सेव्ह केलं की जुन्या फाइलचा उरलेला भाग शेवटी तसाच राहायचा आणि कापलेलं बरंचसं परत काढता यायचं. दोष नंतर दुरुस्त झाला, पण तोवर पाठवलेली चित्रं पाठवलेलीच.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी ४:०५

मीडिया फोल्डर उघडलं. पहिले अकरा फोटो फोनवरून काढलेले, प्रत्येकी ४००० गुणिले ३००० पिक्सेल, आणि मॅन्युअलमध्ये ते दोन इंचांचे आहेत. म्हणजे २००० डीपीआय! सेव्ह करतानाची ती २२० ची कात्री यांना लागलेली दिसत नाही. बाकी बरेच बीएमपी आहेत. मेलपेटी नाही सापडली, पण एका स्क्रीनशॉटच्या कापलेल्या भागात कोणाचीतरी पगाराची एक्सेल शीट आहे. मी पाहिली नाही. (जवळजवळ.)

त्या फोटोंतले दोन पीडीएफमध्ये सरळ, ऑनलाइन मदतीत आडवे येतात. तेही वर्डचंच प्रकरण का?

पिक्सेलपुराण | मंगळवार, दुपारी ४:२०

नाही, फोनचं. फोन फोटो आडवाच साठवतो आणि एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमधली माहितीची नोंद) 'हा फिरवून दाखवा' अशी नोंद करतो. काही प्रोग्रॅम ती वाचतात, काही नाही. फोटो खरोखर फिरवून नव्याने सेव्ह करा आणि एक्झिफ पुसून टाका. त्यात फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, ते मॅन्युअलसोबत कशाला वाटायचे? ६०० पिक्सेल रुंदी ठेवा, दोन इंचांत ३०० डीपीआय होतात, फोटोला भरपूर. फोटो जेपीईजी, स्क्रीनशॉट पीएनजी, रेखाकृती एसव्हीजी (त्यात पिक्सेल नव्हे, रेघा आणि आकार साठवतात). याला अपवाद क्वचित.

कंसातला | मंगळवार, रात्री ९:१०

चर्चा छान चाललीय पण मूळ मुद्दा कोणी बोललंच नाही. चित्रं फाइलच्या आत का आहेत?

फ्रेममेकरमध्ये आयात करताना दोन पर्याय असतात, एक 'इम्पोर्ट बाय रेफरन्स', दुसरा 'कॉपी इन्टू डॉक्युमेंट'. पहिल्यात दस्तऐवजात फक्त पत्ता राहतो, चित्र बाहेर फोल्डरमध्ये. चित्र बदललं की सगळीकडे बदलतं, दस्तऐवज हलका राहतो. डिटा, किंवा साध्या मजकुरातून दस्तऐवज बनवणारी ॲस्किडॉक, स्फिंक्स, सगळीकडे ही एकच पद्धत आहे, आत कोंबायची सोयच नाही म्हणा. वर्डमध्येही 'लिंक टू फाइल' आहे, पण फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की त्या लिंका रुसतात.

पत्त्याने जोडायचं म्हटलं की पत्ता सांभाळणं आलं. लिंक सापेक्ष हवी, म्हणजे 'या फाइलच्या शेजारच्या फोल्डरमधलं चित्र' अशी. कोणाच्या सी ड्राइव्हचा पूर्ण मार्ग नको. नावं इंग्रजी छोट्या लिपीत, मोकळ्या जागा नाहीत, शब्दांमध्ये आडवी रेघ. मोठी-लहान लिपी हा नुसता नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. विंडोजला 'लॉगिन'चा पहिला एल मोठा की लहान याने फरक पडत नाही. लिनक्सला पडतो. तुमच्या यंत्रावर सगळं दिसतं, बिल्ड सर्व्हरवर (जिथे शेवटचा दस्तऐवज तयार होतो ते यंत्र) चित्राच्या जागी रिकामी चौकट. या एका गोष्टीवर मी आयुष्यातली अख्खी दुपार घालवलीय, शेवटी एका अक्षराचा फरक निघाला.

नाव चित्रात काय आहे त्यावरून द्या, जागेवरून नको. 'आकृती-३-२' असं नाव ठेवलंत आणि मध्ये एक आकृती वाढली की पुढची सगळी नावं खोटी.

निळी शाई | बुधवार, सकाळी ८:४५

कंसातला यांच्याशी सहमत. भर एवढीच की प्रत्येक चित्राची मूळ फाइलही जपा, थर असलेली. बाण आणि आकडे एकदा पीएनजीत विरघळले की सुटे होत नाहीत. सहा महिन्यांनी एक बटण हललं की सगळं पहिल्यापासून.

कंसातला | बुधवार, सकाळी ९:००

आणि त्याहून महत्त्वाचं, चित्रावर शब्द लिहू नका. पाच भाषा आहेत ना? 'येथे क्लिक करा' चित्रात लिहिलंत की ते चित्र पाचदा बनवायचं. फक्त आकडे टाका, १, २, ३, आणि अर्थ खाली तक्त्यात. तक्ता मजकूर आहे, त्याचं भाषांतर मजकुरासोबत होतं.

तळटीप | बुधवार, सकाळी ९:२५

इथे मी थोडी विरोधात. नऊ आकडे आणि खाली नऊ ओळींचा तक्ता म्हटलं की वाचणाऱ्याची मान वर-खाली, वर-खाली. यंत्राच्या भागांची आकृती असेल तर नावं शेजारीच असावीत. एसव्हीजीत काढा, मजकूर मजकूर म्हणूनच ठेवा, आउटलाइन (अक्षरांच्या नुसत्या रेघा) करू नका. भाषांतराची बरीच साधनं एसव्हीजीतला मजकूर उचलतात, शेवटी तो एक्सएमएलच आहे. गिटमध्येही (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) एसव्हीजीत काय बदललं ते ओळीनिशी दिसतं, पीएनजीत फक्त 'बदललं' एवढंच कळतं.

कंसातला | बुधवार, सकाळी ९:४०

मजकूर जिवंत ठेवलात तर फॉन्ट कुठून येणार? तुमच्या यंत्रावरचा फॉन्ट सर्व्हरवर नसेल तर देवनागरीत वेलांट्या सुट्या पडतात, जोडाक्षरं मोडतात. आणि भाषांतरात शब्द लांबला की डब्याबाहेर. एसव्हीजीत ओळ आपोआप मोडत नाही.

तळटीप | बुधवार, सकाळी ९:५२

फॉन्ट सर्व्हरवर ठेवायचा, एकदाच ठेवायचा असतो. आणि लेबलभोवती डबा काढूच नका, रेघ आणि शब्द पुरेत. शब्दाला वाढायला मोकळी बाजू सोडायची. पण ठीक आहे, तडजोड: स्क्रीनशॉटवर आकडे, यंत्राच्या आकृतीवर शब्द.

कंसातला | बुधवार, सकाळी ९:५५

चालेल. चारच्या वर आकडे गेले तर मात्र स्क्रीनशॉट दोन करा.

उंटावरचा शहाणा | बुधवार, सकाळी ११:००

एक गंभीर प्रश्न विचारतो, हसू नका. १७० स्क्रीनशॉट हवेतच कशाला? पाच भाषांचे ८५० होतात. 'ओके दाबा' या पायरीला ओके बटणाचं चित्र लागतं का?

पिक्सेलपुराण | बुधवार, सकाळी ११:१५

उंटावरून पहिल्यांदाच खाली उतरलात, स्वागत आहे. अगदी बरोबर. माझी चाळणी अशी: चित्र काढून टाकलं तर वाचणारा अडेल का? नवीन खिडकी पहिल्यांदा उघडते तिथे हवं, म्हणजे आपण योग्य जागी आहोत हे त्याला कळतं. शोधूनही सापडणार नाही असं बटण असेल तिथे हवं. आलेख, मोजमापाचे निकाल, चूक-बरोबर जोडणी यांना हवंच. बाकी बहुतेक स्क्रीनशॉट लिहिणाऱ्याला लिहायचा कंटाळा आला म्हणून आलेले असतात.

जे उरतील त्यांत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं असेल तर प्लेराइटसारख्या, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने स्क्रिप्ट लिहून टिपता येतात. खिडकीचं माप, भाषा, खोटा डेटा, सगळं स्क्रिप्टमध्ये. नको तो भाग झाकायचीही सोय त्यात आहे. नवीन आवृत्ती आली की स्क्रिप्ट परत चालवायची. सुरुवातीला वेळ जातो, पण पाच भाषा म्हटल्यावर तो वसूल होतो.

तळटीप | बुधवार, सकाळी ११:४०

आणि डिटात नेताना चित्राचा पत्ता थेट लिहू नका, 'की' लावा. चित्राला एक नाव, आणि ते नाव कुठल्या फाइलकडे बोट दाखवतं ते मॅपमध्ये (मॅन्युअलमध्ये काय काय येतं त्याची यादी). यंत्राचं दुसरं मॉडेल आलं की तोच मजकूर, फक्त मॅप वेगळा, चित्रं आपोआप त्या मॉडेलची. भाषेचंही तसंच करता येतं. ओळीतला छोटा आयकॉन असेल तर 'प्लेसमेंट' इनलाइन, मोठं चित्र असेल तर ब्रेक. बहुतेकांच्या पहिल्या डिटा पीडीएफमध्ये आयकॉन स्वतंत्र ओळीवर जाऊन उभे राहतात किंवा उलट होतं, ते यामुळे.

पर्यायी मजकूर विसरू नका. चित्र ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. डब्ल्यूसीएजीत (वेबवरचा मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीचे नियम) तर ही अगदी पहिली अट आहे. डिटात त्यासाठी 'आल्ट' हा वेगळा एलिमेंट वापरा, जुनं ॲट्रिब्यूट नको. एलिमेंट भाषांतराला सोपा जातो. 'चित्रात दाखवले आहे की' अशी सुरुवात नको, स्क्रीन रीडर चित्र आहे हे स्वतःच सांगतो. नुसत्या सजावटीच्या चित्राला रिकामा आल्ट. आणि 'लाल चौकटीतलं बटण' असं मजकुरात लिहू नका, सगळ्यांनाच लाल लाल दिसत नाही, काळ्या-पांढऱ्या छपाईत तर कोणालाच नाही.

जुना जुळारी | बुधवार, संध्याकाळी ७:१०

आमच्याकडे ठोकळा उलटा बसला तर प्रुफात कळायचं. तुमच्याकडे प्रूफ कोण बघतं?

निळी शाई | बुधवार, संध्याकाळी ७:३०

काका, बहुधा ग्राहक.

अर्धविराम | पुढचा सोमवार, सकाळी १०:२०

हिशेब द्यायला आले. १७० चे ८८ उरले. पिक्सेलपुराणांची चाळणी लावली तेव्हा वाटलं फार तर वीस जातील. एकट्या 'सेटिंग्ज'च्या प्रकरणातून ३१ गेले, सगळे एकाच खिडकीचे, दर वेळी वेगळ्या टॅबवर. उरलेले दोन दिवसांत १०० टक्के स्केलिंगवर परत घेतले, १४० ची नोंद केली. फाइल १४ एमबी. वरच्यांना ३०० डीपीआय का नाही ते समजावत बसले नाही, दोन पानं छापून शेजारी शेजारी ठेवली. ते म्हणाले, "बघ, ३०० ने घेतलं की कसं स्वच्छ येतं." मी हो म्हटलं.

एकच राहिलंय. यंत्राच्या आकृत्या डिझाइनवाल्यांच्या कॅडमधून (यंत्राची रेखाटनं करायचं सॉफ्टवेअर) येतात. पडद्यावर रेघा दिसतात, आमच्या प्रिंटरवरही दिसतात, पण छापखान्यातून आलेल्या नमुन्यात अर्ध्या रेघा जवळजवळ नाहीशा. पीडीएफ परत करून पाहिली, तरी तेच.

जुना जुळारी | सोमवार, सकाळी ११:०५

रेघेची जाडी शून्य असेल. पीडीएफमध्ये शून्य म्हणजे 'यंत्राला जमेल तेवढी बारीक'. तुमच्या प्रिंटरला बारीक जमत नाही म्हणून तिथे दिसते. छापखान्याच्या प्लेटवर ती खरोखरच केसाहून बारीक पडते. डिझाइनवाल्यांना कमीत कमी पाव पॉइंट द्यायला सांगा, बाह्यरेषा अर्धा पॉइंट. आणि ते प्रमाण सगळ्या आकृत्यांत एकच ठेवायला सांगा.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ११:३०

फाइल उघडून पाहिली. शून्यच आहे.